काचपेटीतील तरंगते तण

काचेच्या पेटीत मासे पाळण्याचा छंद आता शहरापुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी त्याची दुकाने निघाली आहेत, आणि एखाद्या प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यातसुद्धा दोन फुटी काचपेटी, तळाशी वाळू, चार गप्पी, दोन मॉली असा छोटा संसार दिसू लागला आहे. पहिले काही आठवडे सारे सुरळीत चालते. पाणी स्वच्छ, मासे चपळ, मुले खूष. मग एके दिवशी पाण्यावर चार-दोन हिरवे ठिपके दिसतात. "वा, आपोआप उगवलं की!" म्हणून घरची मंडळी कौतुक करतात. महिना-दीड महिन्यात त्या ठिपक्यांची गोधडी होते, खालचे पाणी अंधारते, तळची झाडे पिवळी पडतात, आणि पहाटेच्या वेळी मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करू लागतात.

हे ठिपके म्हणजे काय, ते एवढे का वाढतात, त्यांना आवरायचे कसे, आणि काढल्यावर टाकायचे कोठे, एवढ्या चार प्रश्नांचा विचार आपण येथे करू. चौथा प्रश्न तुम्हांला क्षुल्लक वाटेल. पण गावाच्या दृष्टीने पाहिले तर तोच सर्वांत मोठा आहे.

प्रथम ओळख करून घेऊ. पाण्यावर दोन-तीन मिलिमीटरचे, चपटे, गोलसर हिरवे पान तरंगते आणि त्याच्याखाली एकच बारीक मूळ दोऱ्यासारखे लोंबते, ती वनस्पती म्हणजे लेम्ना. इंग्रजीत तिला बदकांचे तण अशा अर्थाचे नाव आहे. आपण या लेखापुरते तिला 'टिकली' म्हणू, कारण कपाळावरच्या बारीक टिकलीसारखीच ती दिसते. तिची थोरली बहीण स्पायरोडेला. तिचे पान जरा मोठे, खालची बाजू तांबूस, आणि मुळे एकाऐवजी झुबक्याने. धाकटी बहीण वुल्फिया. तिला मूळच नाही, आणि आकार रव्याच्या कणाएवढा. जगातल्या फुलणाऱ्या वनस्पतींत सर्वांत लहान ती हीच. दुसरे घराणे नेच्यांचे, म्हणजे फूल न येणाऱ्या वनस्पतींचे. त्यात अझोला आणि साल्व्हिनिया येतात. अझोला पुष्कळ शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे, कारण गुरांना आणि कोंबड्यांना खाद्य म्हणून तो हौदात वाढवतात. तिसरी जोडी मोठ्या झाडांची. कोबीच्या गड्ड्यासारखी दिसणारी गोंडाळ, आणि जांभळ्या फुलांची जलपर्णी, जिला कोल्हापूरकडे केंदाळ म्हणतात. टिकली पेटीत चोरून शिरते. गोंडाळ आणि जलपर्णी यांना मात्र आपणच शोभेसाठी हौसेने आणतो.

चोरून शिरते म्हणजे कशी? आपोआप काहीच उगवत नाही. दुकानातून आणलेल्या पाणवनस्पतीच्या पानाआड, मासे धरायच्या जाळीच्या विणीत, ओल्या मनगटाला चिकटून, किंवा माशांबरोबर आलेल्या पिशवीभर पाण्यात एखादी टिकली येते. तळ्यात हेच काम पाणपक्ष्यांचे पाय आणि पिसे करतात. एक आली की पुरे. तिला बी लागत नाही, परागीकरण लागत नाही. पानाच्या कडेला एक फट असते. तीतून लेक-पान बाहेर येते, थोडे मोठे झाले की सुटते आणि स्वतःच्या लेकींच्या तयारीला लागते.

आता जरा हिशोब करू. ऊन, ऊब आणि पोषण भरपूर असेल तर टिकली दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. आपण तीन दिवस धरू. पहिल्या दिवशी एक, तीन दिवसांनी दोन, सहा दिवसांनी चार, नऊ दिवसांनी आठ. महिनाभराने एक हजार चोवीस. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद पेटीच्या पाण्यावर सुमारे तीस हजार टिकल्या मावतील, आणि तो आकडा पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास गाठला जातो. पण यातली मेख पुढेच आहे. पंचेचाळिसाव्या दिवशी पेटी पूर्ण झाकली, तर बेचाळिसाव्या दिवशी ती निम्मीच झाकलेली होती, एकोणचाळिसाव्या दिवशी चतकोर, आणि छत्तिसाव्या दिवशी आठवा हिस्सा. म्हणजे पाच आठवडे ज्याच्याकडे लक्षही जात नाही, ते शेवटच्या नऊ दिवसांत डोक्यावर बसते. म्हणून "बघू पुढच्या रविवारी" हे वाक्य या तणाच्या बाबतीत फार महाग पडते.

एवढी वाढ कशाच्या जोरावर होते? शेतकऱ्याला हे सांगायला नको. जिथे खत, तिथे तण. पेटीत खत कोणी घातले, असे तुम्ही विचाराल. आपणच घातले. माशाने खाल्लेल्या अन्नातला पुष्कळसा नत्र त्याच्या कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते, त्यातूनही अमोनियाच निघतो. वाळूत आणि गाळणीत राहणारे जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट माशांना विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. पण वनस्पतींना अमोनिया काय आणि नायट्रेट काय, दोन्ही खाद्यच. खाद्यातला स्फुरदही पाण्यात साठत जातो. या मेजवानीत तरंगत्या वनस्पतींना दोन सवलती जास्त मिळतात. प्रकाशावर पहिला हक्क त्यांचा, कारण त्या सर्वांत वर असतात. आणि कार्बन डायऑक्साइड त्या थेट हवेतून घेतात, त्याला तोटा नाही. त्यांना थांबवू शकेल अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पाण्यातले हे खत.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. जी टिकली हे खत खाते, ती पाणी स्वच्छही करते. अमोनिया ओढून घेऊन ती माशांवर उपकारच करते, आणि गप्पीच्या पिलांना तिच्या मुळांआड लपायला आसरा मिळतो. पृष्ठभागाचा चौथा हिस्सा तिने व्यापला तर खुशाल व्यापू द्यावा. त्रास त्याच्यापुढे सुरू होतो. तिच्या पानांची श्वसनरंध्रे वरच्या बाजूला असतात, त्यामुळे दिवसा ती तयार करते तो प्राणवायू बहुतेक हवेत जातो, पाण्यात नाही. पाणी हवेतून प्राणवायू घेते ते पृष्ठभागावाटे. तोच झाकला गेला की ती वाट अडते. तळच्या झाडांना प्रकाश मिळेनासा होतो, त्यांच्याकडून येणारा प्राणवायू बंद पडतो, पुढे ती कुजू लागतात आणि उरलासुरला प्राणवायूही कुजण्यात खर्च होतो. रात्री तर मासे, झाडे, जंतू सारेच प्राणवायू घेतात, देणारे कोणी नाही. म्हणूनच पहाटेची वेळ सर्वांत वाईट. सकाळी उठल्याबरोबर पेटीकडे एकदा नजर टाकावी. मासे पृष्ठभागाशी घोळका करून तोंड मारत असतील, तर त्यांना भूक लागली असे समजू नका. त्यांना श्वास पुरत नाही. त्या वेळी खाद्य टाकणे म्हणजे आजाऱ्याला श्रीखंड वाढण्यासारखे आहे. आधी वरचे तण बाजूला करा.

आता बंदोबस्ताकडे येऊ. त्याचे दोन भाग आहेत: काढणे आणि उपाशी ठेवणे. नुसते काढले तर पुन्हा येते, आणि नुसते उपाशी ठेवले तर फार दिवस लागतात. दोन्ही मिळून करावे.

काढण्यासाठी घरातली चहाची जुनी गाळणी उत्तम. मात्र ती पुन्हा चहाकडे नेऊ नये. मोठी पाने बोटांनी उचलावी. काचेला आणि गाळणीच्या नळीला चिकटलेल्या टिकल्या ओल्या फडक्याने पुसून घ्याव्या, कारण पुढच्या पिकाचे बियाणे तेच असते. वरचा हिशोब येथेही लावून पाहा. पूर्ण झाकलेल्या पेटीतून दहात नऊ हिस्से काढले तरी त्याच वेगाने दहा दिवसांत ती पुन्हा भरते. म्हणून एकदाच दमून जाण्यापेक्षा रोज दोन मिनिटे द्यावी. सलग तीन-चार आठवडे रोज काढणाऱ्याच्या पेटीतून टिकली बहुधा हद्दपार होते. ती थोडी ठेवायचीच असेल तर बारीक प्लास्टिकच्या नळीचे दोन्ही टोकांस जोडलेले कडे करून पाण्यावर सोडावे. कड्याच्या आत टिकल्या, बाहेर मोकळे पाणी. कुरणाला कुंपण घालावे तसे.

पृष्ठभाग हलता ठेवणे हाही चांगला उपाय आहे. या वनस्पती संथ पाण्याच्या. पान उलटे झाले, वारंवार पाण्याखाली गेले की त्यांची वाढ खुंटते. हवेच्या पंपाचे बुडबुडे किंवा गाळणीतून पडणारी धार पृष्ठभागावर तरंग उठवील अशी ठेवावी. त्याने पाण्यात प्राणवायूही मिसळतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. वीज जाते तेथे मात्र या उपायावर सर्वस्वी विसंबू नये.

आता उपाशी ठेवणे. दोन-तीन मिनिटांत मासे फस्त करतील तेवढेच खाद्य टाकावे, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच टाकू नये. धट्टाकट्टा मोठा मासा एका उपासाने मरत नाही. मात्र पिले असतील तर त्यांचे वेगळे पाहावे. शाळेतल्या पेटीत ही शिस्त विशेष लागते, कारण प्रत्येक मुलाला चिमूटभर टाकायचे असते आणि चाळीस चिमटींचा एक ढीग होतो. गुरुजींनी किंवा बाईंनी वाराप्रमाणे एकेका मुलाला नेमून द्यावे. दुसरी गोष्ट पाणी बदलण्याची. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल अशा पेटीत काठोकाठ छप्पन्न लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर पंचेचाळीस-पन्नास. दर आठवड्याला त्यातले एक बादली, म्हणजे सुमारे चौथा हिस्सा, रबरी नळी लावून तळाच्या गाळासकट काढावे आणि तेवढेच ताजे भरावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते बादलीत एक दिवस उघडे ठेवून मग घालावे. तिसरी गोष्ट प्रकाशाची. पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. दिवा लावत असाल तर सहा ते आठ तास पुष्कळ झाले.

अझोलाला मात्र ही नत्राची उपासमार लागू पडत नाही. त्याच्या पानात एक सूक्ष्म नील-हरित शेवाळ मुक्कामाला असते, ते हवेतला नत्र बांधून त्याला पुरवते. म्हणूनच भाताच्या खाचरात तो खत म्हणून उपयोगी पडतो. त्याला स्फुरद मात्र पाण्यातूनच घ्यावा लागतो, म्हणून खाद्य कमी करण्याचा उपयोग होतो. तरी त्याच्यापुढे मुख्य भिस्त गाळणीवरच ठेवावी.

काही उपाय करू नयेत, तेही सांगतो. शेतकऱ्याच्या घरी मोरचूद असतो, तणनाशकाची बाटली असते, आणि "टाकू थोडंसं" असा मोह होतो. तो आवरावा. तांबे थोड्या प्रमाणातसुद्धा माशांना आणि गोगलगाईंना घातक आहे. शिवाय तण एकदम मेले तर ते पाण्यातच कुजते आणि प्राणवायू संपवते. विषाने वाचलेले मासे गुदमरून मरतात. दुसरा मोह तण खाणारा मासा आणण्याचा. सोनमासा टिकली आवडीने खातो हे खरे. पण तो घाणही भरपूर करतो, म्हणजे एका हाताने तण काढायचे आणि दुसऱ्या हाताने खत घालायचे. गवत्या मासा तर तळ्यातला, हातभर वाढणारा. काचपेटीत त्याला कोंडणे क्रूरपणाचे होईल. नवी झाडे आणली की मात्र ती धुऊन, पानन् पान पाहून, आठवडाभर वेगळ्या बरणीत ठेवावी आणि मगच पेटीत लावावी. एवढी सवय लागली तरी निम्मे काम झाले.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. तीन काचेचे पेले घ्या. एकात साठवलेले पावसाचे पाणी, दुसऱ्यात पेटीतले जुने पाणी, तिसऱ्यातही पेटीतलेच पाणी. प्रत्येकात दहा-दहा टिकल्या सोडा. पहिले दोन पेले उजेडात, तिसरा वर्गाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. एक दिवसाआड ठरलेल्या वेळी मुलांना पाने मोजू द्या आणि आकडे फळ्यावर लिहा. दोन आठवड्यांनी आलेख काढा. पट म्हणजे काय, हे पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा पेल्यातली टिकली अधिक चांगले शिकवते. आणि खत व प्रकाश यांपैकी एक जरी काढून घेतले तर वाढ कशी मंदावते, तेही मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात.

राहिला चौथा प्रश्न. काढलेले तण टाकायचे कोठे? बहुतेक जण ते मोरीत ओततात. मोरीतून गटारात, गटारातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. काहींना जिवंत झाड फेकवत नाही, म्हणून ते भल्या मनाने तळ्यात किंवा विहिरीत सोडून येतात. आज आपल्याला ज्या पाणवनस्पतींनी हैराण केले आहे, त्यांपैकी कितीतरी अशाच सद्भावनेने आल्या. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली ती जांभळ्या फुलांच्या मोहाने. पुढे तिने खाल, बिल आणि भातखाचरे अशी व्यापली, की १९३६ साली तिच्याविरुद्ध बंगालला स्वतंत्र कायदा करावा लागला. साल्व्हिनिया श्रीलंकेत, म्हणजे त्या वेळच्या सिलोनात, १९३९ साली कोलंबोला वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासासाठी आणली गेली, आणि तेथून ती पाटबंधाऱ्यांत व भातशेतीत पसरली. आम्हां शिक्षकांनी हे उदाहरण विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

केरळातही याच साल्व्हिनियाने कालवे आणि खाजणे भरून टाकली, होड्या चालेनात. तिला बी धरत नाही, सारा पसारा तुकड्यांतून झालेला. अखेर उपाय सापडला तो तिच्या मूळ देशात, ब्राझीलमध्ये. तेथला एक इवलासा सोंडकिडा फक्त तीच खातो. १९८० साली ऑस्ट्रेलियातील मूनडारा सरोवरात तो सोडला, आणि वर्ष-सव्वा वर्षात तेथली साल्व्हिनिया त्याने संपवली. त्यानंतर काही वर्षांतच तो केरळात आणला गेला आणि तेथेही त्याने चांगले काम केले. मूठभर झाड सोडायला एक क्षण लागतो. ते आवरायला समुद्रापलीकडचा किडा शोधून आणावा लागतो.

आपल्याकडे पाहा. पुण्याकडची पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा, कोल्हापूरचा रंकाळा, भीमेवरचे उजनी, या साऱ्यांनी जलपर्णीचा जाच सोसला आहे. यंत्रे लावून, माणसे लावून ती काढावी लागते, आणि पुन्हा येते. का येते, ते आता तुम्हांला सांगायला नको. काचपेटीत मासे जे करतात तेच नदीत गावे आणि शहरे करतात. सांडपाणी आले की खत आले, खत आले की तण आले. त्याखाली कोळ्याचे जाळे चालत नाही, पंपाच्या तोंडाशी झाडे अडकतात, आणि डासांना आसरा मिळतो. मॅनसोनिया जातीच्या डासाच्या अळ्या तर गोंडाळीसारख्या झाडांच्या मुळांत नळी खुपसून हवा घेतात, वर येतच नाहीत. काही भागांत हत्तीरोगाचा प्रसार हेच डास करतात.

तेव्हा काढलेले तण असे हाताळावे. गाळणीतला गोळा जुन्या पोत्यावर पातळ पसरून कडक उन्हात वाळवावा. ढीग करू नये, कारण ढिगाच्या पोटात ओल राहते आणि ओल राहिली की जीव राहतो. हाताने चुरा होईल इतके वाळले की कुंडीत किंवा खताच्या खड्ड्यात घालावे. फुलावर आलेली जलपर्णी खोल खड्ड्यात पुरावी, कारण तिचे बी वर्षानुवर्षे जिवंत राहते. टिकली आणि अझोला कोंबड्यांना ताजे घातले तरी चालते, त्यांत प्रथिने चांगली असतात. मात्र पेटीत औषध घातलेले असेल तर घालू नये. पेटीतून काढलेले पाणीही मोरीत न ओतता परसातल्या झाडांना घालावे. त्यातला नत्र वाया जात नाही, आणि एखादी टिकली त्यात असलीच तर ती मातीवर वाळून जाते, ओढ्यापर्यंत पोचत नाही.

घरात पेटी असेल तर तिच्याशेजारी गाळणी आणि पोत्याचा एक तुकडा कायमचा ठेवा. शाळेत असेल तर हे काम पेटीची पाळी असलेल्या मुलाकडे सोपवा आणि त्याचे कारण त्याला नीट सांगा. उद्या तोच मुलगा गावच्या तळ्याच्या काठी उभा राहून, कोणी हौसेने सोडलेले पहिले जांभळे फूल ओळखील. ते एकच असेपर्यंत त्याला ते एकट्याला उपटता येईल.